शाब्बास म्हणणं बंद केलं तेव्हा

रेवाच्या आजारपणातले महिने मला सलग आठवत नाहीत. दुपारी गाढ झोप लागावी आणि उठल्यावर आपण कुठल्या खोलीत आहोत हेच क्षणभर कळू नये, तसं काहीसं त्या सगळ्या काळाचं झालंय. वॉर्डातला पोपटी पडदा आठवतो, त्यातून झिरपणारा उजेड आठवतो. सलाईनचा थेंब पडण्याआधी जरासा लांबायचा, तेही आठवतं. पण सोमवार कुठला आणि गुरुवार कुठला ते मला विचारू नका. तारखा मेधाला, माझ्या बायकोला, विचाराव्यात. तिच्या फोनमध्ये सगळं आहे.

तरी लिहितोय, कारण शैलजा अक्कांनी सांगितलं. आजारी मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाकडे बघणं हे आमच्या वॉर्डात त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "सर, तुमची चूक फार चांगली आहे. लिहून काढा, कुणाला तरी उपयोगी पडेल." माझ्या चुकीला चांगली म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

माझ्याबद्दल थोडं. आजोबा साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि बेंगळुरूचेच झाले. मी जन्मलो, वाढलो इथेच. मीही सरकारी नोकरीत आहे, एका प्रयोगशाळेत. वजनकाटे, दाबमापक, तापमापक बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढे माझी फजिती नीट समजेल. मेधा पुण्याची, लग्न होऊन इथे आली, मारतहळ्ळीतल्या आमच्या घराजवळच एका आयटी कंपनीत आहे. रेवा आमची एकुलती एक. तेव्हा सात वर्षांची होती.

गुलाबी झाडं

काही आठवडे ती सारखी दमत होती. नडगीवर निळे-काळे डाग दिसायचे. आम्हाला वाटलं, खेळताना धडपडली असेल. मग एक रक्ततपासणी झाली, मग दुसरी, मग मोठं हॉस्पिटल.

डॉक्टर हळू आवाजात बोलले. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुलांमधला हा प्रकार पुष्कळदा पूर्ण बरा होतो, पण उपचार लांबलचक आहेत, दोन-अडीच वर्षं धरून चाला, असं म्हणाले. मी मान डोलावत होतो. त्यांच्या टेबलावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. तेवढ्या वेळात एक सिस्टर रेवाला बाहेरच्या टाकीतले मासे दाखवत होती.

इथे वर्षातून काही दिवस रस्त्याकडेची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी फुलं घेऊन उभी असतात. तेच दिवस होते. हॉस्पिटलच्या आवारात आमच्या गाडीच्या काचेवर फुलांचा सडा पडला होता. रेवा मागच्या सीटवर आडवी झाली आणि लगेच झोपली. आम्ही दोघं पुढे बसलो. काच फुलांनी झाकलेली, आत गुलाबीसर अंधार. मला गाडी सुरू करवेना.

"तिला कळता कामा नये," मी कुजबुजलो. "कॅन्सर हा शब्द घरात नको. रक्त थोडं कमी झालंय, ते भरून काढायचंय, बस. आणि तिच्यासमोर कुणी रडायचं नाही."

"नरेन, ती स्मार्ट आहे रे. तिला कळणारच."

"सात वर्षांच्या मुलीला काय कळतंय? आपण धीराचे राहिलो की तीही राहील."

मेधाने ओढणीने तोंड पुसलं, आरशात बघून चेहरा ठीकठाक केला आणि मागे वळून रेवाचं पांघरूण सरळ केलं. मी वायपर सुरू केला. फुलं एका बाजूला सरकली आणि समोरचा रस्ता दिसायला लागला.

स्वल्प

रेवा धीराची राहिली. माझा अंदाज बरोबर ठरला म्हणून मी मनात खूश होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. सिस्टर विचारायच्या, "नोवु इदेया पुट्टी? दुखतंय का गं?" आणि ही म्हणायची, "स्वल्प." थोडंसं. तोंडात फोड आले तेव्हा स्वल्प. पाठीच्या कण्यातून इंजेक्शन दिलं तेव्हाही स्वल्प. सगळा वॉर्ड तिला ब्रेव्ह गर्ल म्हणायचा. केस गळतील असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण उशीवर फारसे केस दिसेनात. नंतर कळलं, ती मेधाच्या आधी उठायची, उशीवरचे केस एकेक करून गोळा करायची आणि पलंगाखालच्या डब्यात टाकून पुन्हा डोळे मिटून पडायची.

शैलजा अक्का पहिल्यांदा आल्या त्या याच दिवसांत. पन्नाशीच्या, सुती साडीखाली खेळाचे बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत लाकडी खेळणी, कारण जंतूंच्या भीतीने कापडी खेळण्यांना वॉर्डात बंदी होती. त्यांनी आपलं काम सांगितलं तसं मी कन्नडमध्ये, पण सरकारी थाटात म्हणालो, "आम्ही ठीक आहोत मॅडम. मुलगी समजूतदार आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे जा."

"सरी सर, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "मग मी नुसती बसते. पाय दुखतायत."

त्यानंतर रोज त्यांचे पाय आमच्याच पलंगापाशी दुखायला लागले.

रेवाची बस तेव्हा सुरू झाली. सुई टोचायच्या वेळी मनाने कुठे जायला आवडेल, असं अक्कांनी विचारलं असणार. ती बस पलंगाखालून सुटायची. रिंग रोडच्या पुलावर चढायची आणि पूल खाली उतरला तरी ही उतरायची नाही, तशीच वर तरंगत तळ्यावरून जायची. कंडक्टर एक बगळा होता. तो चोचीने तिकीट फाडायचा आणि सुटे मागायचा नाही. खिडक्यांना गज नव्हते. बस एका गावाला जायची, तिथे कायम दुपारचे चार वाजलेले असायचे, ऊन तिरपं पडलेलं, आणि कुणी कुणाला उठवायचं नाही. सिस्टर ट्रे घेऊन आली की अक्का हळूच विचारायच्या, "बस आली का?" आणि रेवा डोळे मिटायची. मीही पलंगाच्या कडेला बसून अर्धवट पेंगत ते ऐकायचो. कधीकधी मलाही तो बगळा दिसायचा.

एकदा अक्कांनी विचारलं, "बसमध्ये सोबत कोण असतं?"

"कोणीच नाही. मी एकटी."

"आई-बाबा?"

"त्यांना गाडी लागते," रेवा म्हणाली.

मी हसलो. मला घाटात खरंच गाडी लागते, पिशवी घेऊनच बसतो. अक्का मात्र हसल्या नाहीत.

तक्ता

मग आम्हाला घरी सोडलं. औषधं चालूच होती. डॉक्टरांची एक ताकीद होती: या काळात अंगात जंतूंशी लढायची ताकद नसते, ताप चढला की एक तासही थांबू नका, तडक या.

हे काम माझ्या हातचं होतं. मी आलेखाचा कागद आणून फ्रीजवर लावला. दिवसातून चार वेळा काखेत तापमापक, निळ्या शाईने ठिपका, ठिपके जोडून रेघ. मेधा येता-जाता रेवाच्या कपाळाला हात लावायची, तेव्हा मी तिची थट्टा करायचो. "हात म्हणजे काय उपकरण आहे? त्याला शिक्का कुणी मारलाय?" हळूहळू तिने हात लावणं सोडून दिलं.

आणि आकडा चांगला आला की मी म्हणायचो, "शाब्बास!"

सहज म्हणायचो. आमच्या घरात मला तसंच वाढवलंय. चांगले मार्क पडले की शाब्बास, वाईट पडले की ताटावर कुणी बोलायचं नाही. अठ्ठ्याण्णव आला, शाब्बास. सत्याण्णव आला, वा, शाब्बास. शाळा बंद होती, मैत्रिणी बंद होत्या, आणि दिवसातून चार वेळा मी तापमापक डोळ्यांसमोर धरून निकाल लावत होतो. निकाल ऐकून ती हसायची.

मग आकडे जरा खाली यायला लागले. एकदा शहाण्णव आला. एकदा पंच्याण्णव पॉइंट आठ. मी तापमापकाला दोष देऊन मोकळा झालो आणि नवा आणला. नव्यानेही तसंच दाखवलं. तो स्वतःच्या काखेत लावून पाहिला तर बरोबर होता. मग मी ठरवलं की औषधांमुळे अंग थंड पडत असणार. कुणाला विचारलं नाही. तिचा फ्रॉक एका बाजूला ओला दिसायचा, तर वाटायचं की तोंडातल्या फोडांसाठी बर्फ चोखते ना, तोच सांडत असेल.

रविवारची दुपार

रेवा सोफ्यावर चादर घेऊन कार्टून बघत होती. पंखा बंद कर म्हणाली होती. तापमापक नेहमीसारखा तिनेच चादरीखाली काखेत धरला; मी आकडा पाहिला, सत्याण्णव. शाब्बास म्हटलं, ठिपका दिला. मेधा वरण-भाताची ताटली घेऊन आली, ती टीपॉयवर ठेवून चादर नीट करायला वाकली. वाकताना तिचा गाल रेवाच्या कपाळाला लागला.

"नरेन, ही भाजतेय."

"आत्ताच घेतला. सत्याण्णव आहे."

"मला आकडा सांगू नकोस!"

तिने रेवाचा हात उचलला. काखेत माझाच एक रुमाल होता, घडी घातलेला, त्यात बर्फाचा तुकडा. कातडी लाल झाली होती. मी दुसऱ्या काखेत तापमापक लावला. एकशे तीनच्या वर गेला.

रेवा आमच्याकडे बघत नव्हती. टीव्हीकडे बघत होती.

टॅक्सी मिळेना. गाडी काढायची तर मला चालवायचा धीर होईना, आणि मेधाला ड्रायव्हिंग येत नाही. रेवाला उचलून तसेच मेन रोडवर आलो. एका रिक्षावाल्याने मास्क लावलेली, केस नसलेली मुलगी पाहिली आणि "बन्नी, बन्नी," या, या म्हणत रिक्षा वळवली. कुठे जायचं तेवढं विचारलं. रेवा माझ्या मांडीवर थडथडत होती. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत पुलाच्या दिव्यांचे खांब एकामागून एक जात होते.

"बस वर चाललीय," ती म्हणाली.

मेधाने तिचा पाय घट्ट धरला. जणू तेवढ्याने बस खाली राहणार होती.

किती आला?

रक्तात जंतू पसरले होते. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर," आणि वाक्य तसंच सोडून पुढच्या पलंगाकडे गेले. दोन दिवस ती शुद्धीत होती-नव्हती. आम्हाला आळीपाळीने आत सोडायचे. आत सगळी यंत्रं होती, माझ्या ओळखीची, हिरवे आकडे दाखवणारी. माझं त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. मी तिच्या पावलांकडे बघत उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ हलले म्हणून मी खाली वाकलो.

"बाबा, किती आला?"

"काय, राजा?"

"ताप. किती आला?"

"एकशे एक," मी म्हणालो. उतरत होता, म्हणून सांगितलं.

तिने डोळे मिटले. "उद्या चांगला आणीन," ती म्हणाली.

मी बाहेर आलो आणि जिन्यात, लोक चढत-उतरत होते तिथेच, खाली बसलो. माझ्या मुलीने माझ्या एका शब्दासाठी मरण काखेत लपवून ठेवलं होतं. मला तो शब्द तोंडातून ओढून काढून टाकावासा वाटला.

मेधा कॅन्टीनमध्ये होती. मी तिला सांगितलं, तेव्हा तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुला पोरगी नको होती, ग्राफ हवा होता," ती म्हणाली.

मीही बोलायचं ते बोलून गेलो. "मग तू का नाही हात लावलास? तू आई ना?"

"कारण तू हसायचास."

ते खरं होतं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आयसीयूबाहेरच्या लांब बाकाच्या दोन टोकांना बसायचो. घरून डबा कुणी आणायचा, औषधाची चिठ्ठी कुणी न्यायची, हेसुद्धा फोनवर लिहून कळवायचो. आजारपणात नवरा-बायको जवळ येतात म्हणे. आमचं तेव्हा तरी तसं झालं नाही.

शैलजा अक्का आल्या आणि बाकाच्या बरोबर मध्ये बसल्या. बूट काढले, पाय चोळायला लागल्या. मी कधी नव्हे ते आपणहून बोललो. बर्फ, रुमाल, शाब्बास, सगळं. कन्नडमध्ये सुरुवात केली, पुढे मेधासाठी हिंदीत आणि शेवटी कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

त्यांनी मला वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. म्हणाल्या, "सात वर्षांची मुलगी दोन मोठ्या माणसांना सांभाळतेय. तिला आजाराने थकवलंय त्याहून जास्त यानेच थकवलं असेल."

"आम्ही तिला सांभाळतोय," मी म्हणालो.

"हो सर. तुम्ही तिला आणि ती तुम्हाला. सगळे खोटं हसतायत. आता कुणीतरी आधी थांबायला पाहिजे, आणि ते तिने करायचं नाही."

"तिला सांगायचं कसं?" मेधाने विचारलं.

"सांगू नका. आधी विचारा. तिला काय माहीत आहे ते तिलाच विचारा, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा. तेवढंच अवघड असतं."

"माझ्याने होणार नाही," मी म्हणालो. "मी रडेन."

"रडा की. तुम्ही रडलात तर काहीतरी मोडेल, असं वाटतं तिला. एकदा बघू दे ना, काही मोडत नाही ते."

खरं सांगू?

वॉर्डात परत आणल्यावर दोन दिवसांनी आम्ही विचारलं. दुपार होती. पडद्यातून तोच पोपटी उजेड येत होता आणि पलीकडच्या पलंगावरचं बाळ झोपेत चुटचुट आवाज करत होतं. अक्का खिडकीपाशी पाठ करून बसल्या होत्या. मेधा पलंगावर, मी स्टुलावर.

"रेवा, तुला काय झालंय, असं तुला वाटतं?" मी विचारलं.

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रक्त कमी झालंय." पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली.

"आणखी काही?" मेधाने विचारलं.

मी गप्प बसलो. जन्मात इतका वेळ कधी गप्प बसलो नव्हतो. सलाईनचे थेंब मोजायला सुरुवात केली आणि मग मोजणंही सोडून दिलं.

"खरं सांगू?" रेवा म्हणाली.

"सांग."

"कॅन्सर." शिवी उच्चारावी तसं हळूच म्हणाली. "गाडीत तुम्ही बोललात. काचेवर फुलं होती ना, तेव्हा. मी झोपले नव्हते. नुसते डोळे मिटले होते."

सहा महिने. सहा महिने तिने तो शब्द एकटीने बाळगला होता, कारण घरात तो नको असं मी म्हणालो होतो.

मला रडू फुटलं. आवाजासकट, नाक गळण्यासकट. रेवाने घाबरून आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही. पलीकडच्या बाळाने कूस बदलली. मेधाही रडत होती आणि तशातच तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, कित्येक दिवसांनी.

"मी ताप सांगितला की तुमचं तोंड असं होतं," रेवा म्हणाली आणि तिने माझा चेहरा करून दाखवला. गाल ओढलेले, डोळे बारीक, ओठ आत. इतका हुबेहूब की मेधा रडता रडता हसली.

मग रेवाने मला विचारलं. मलाच, कारण घरात आकडे मला माहीत असतात. "बाबा, मी मरणार का?"

डॉक्टरांनी मला टक्केवारी सांगितली होती. ती जिभेवर आली आणि मी गिळली. "मला माहीत नाही गं," मी म्हणालो. "डॉक्टरांना वाटतं तू बरी होशील. आम्हालाही वाटतं. पण खात्रीचा शिक्का माझ्याकडे नाही. एवढं मात्र नक्की, आम्ही तुला एकटीला कुठे जाऊ देणार नाही."

तिने विचार केला. "बसमध्येसुद्धा?"

"बसमध्येसुद्धा."

"तुम्हाला उलटी होईल."

"होऊ दे."

खिडकीपाशी अक्कांनी नाक ओढलं. मी तिकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर

एका दिवसात सगळं सुरळीत झालं, असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. पुढेही दोनदा ताप आला. पहिल्यांदा तिने अर्धा तास लपवला आणि मग स्वतःच येऊन सांगितलं. मेधाचं आणि माझं अजूनही त्या बाकावरच्या दिवसांवरून वाजतं. मला अजूनही माणसांपेक्षा यंत्रं समजायला सोपी वाटतात.

तक्ता ठेवावाच लागला, डॉक्टरांना हवा असतो. फक्त पेन रेवाच्या हातात दिलं. आधी मेधाचा तळहात कपाळावर, मग तापमापक, मग रेवाचा ठिपका, आणि माझं तोंड बंद. चांगल्या आकड्याला शाब्बास नाही, वाईट आकड्याला गप्प ताट नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी आजारी मूल असेल, तर माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे. मूल फार शहाण्यासारखं वागत असेल, रडत नसेल, सगळ्याला स्वल्प म्हणत असेल, तर खूश होऊ नका. त्याच्याजवळ बसा. आणि तुमच्या वॉर्डात कुणी पाय दुखतायत म्हणून स्टूल ओढून बसलं, तर त्यांना बसू द्या.

आता उपचार संपलेत. रेवा शाळेत जाते. दर तपासणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही, तिलाही जात नाही, आणि आम्ही ते एकमेकांना सांगतो.

पाठीतली सुई

पण मला सांगायचंय ते आयसीयूनंतरच्या पहिल्या इंजेक्शनबद्दल. पाठीच्या कण्यातलं. आधी अशी कितीतरी झाली होती. दरवेळी आम्ही दाराबाहेर उभे राहायचो, आतून काहीही ऐकू यायचं नाही आणि सिस्टर बाहेर येऊन म्हणायची, ब्रेव्ह गर्ल.

त्या दिवशी आत जाताना तिने विचारलं, "ओरडलं तर चालेल?"

"चालेल," मेधा म्हणाली.

दार बंद झालं. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. एक मिनिट काहीच नाही. मग आवाज आला. मी तो ओळखला नाही. दुसरंच कुणाचं मूल असेल असं वाटलं. इतका मोठा, इतका उघडा आवाज आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. "आई! दुखतंय! खूप दुखतंय! बाबा!" शेजारच्या खोलीतून एक वॉर्डबॉय डोकावला. मेधाने माझा हात धरला, नखं रुतेपर्यंत. मला आत धावत जायचं होतं, आणि त्याच वेळी मनात म्हणत होतो, ओरड पोरी, ओरड, आणखी मोठ्याने ओरड.

थोड्या वेळाने तिला बाहेर आणलं. गुंगीचं औषध अजून उतरलं नव्हतं, चेहरा लाल आणि ओला होता. मी तिच्यावर वाकलो.

"फार ओरडले का?"

"फार. लिफ्टपर्यंत ऐकू गेलं."

"आई रडली?"

"रडली."

"आणि तुम्ही?"

"मीही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, खरं आहे का ते तपासलं. "बरं झालं," ती म्हणाली, माझ्या शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि झोपून गेली.